छेद शोधणारी पदवी

आळेफाटा सोडून नगरच्या बाजूला निघालं की आणे घाट लागतो, आणि घाट चढून वर आलं की पाण्याचा हिशोबच बदलतो. खाली कुकडीच्या कालव्यांवर ऊस, द्राक्षं, टोमॅटो. वर पठारावर आणे, पेमदरा, नळवणे या गावांत पावसाच्या भरवशावरची बाजरी आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. त्याच जुन्नर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, माळशेज-नाणेघाटाकडे, चार महिने झड थांबत नाही. एवढ्याशा अंतरात माणसं वेगवेगळ्या कारणांनी आजारी पडतात. कशाने पडतात, किती पडतात आणि काय केलं तर पडणार नाहीत, हे शोधायला शिकवणारी पदवी म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, एमपीएच. तालुक्यातली बीएएमएस, बीएस्सी नर्सिंग, समाजकार्य किंवा संख्याशास्त्र शिकलेली मुलंमुली आता तिच्याबद्दल विचारू लागली आहेत. त्यांच्यासाठी, आणि त्यांची फी भरणाऱ्या आईवडिलांसाठी, हे थोडं सविस्तर.

घरातून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही पदवी घेतली की दवाखाना टाकता येतो का? नाही. एमपीएच हा उपचाराचा परवाना नाही. आधीपासून वैद्यकीय पदवी आणि नोंदणी असेल तर ती राहते. नसेल तर या पदवीने मिळत नाही. वैद्यकीय महाविद्यालयात सामुदायिक वैद्यकशास्त्राची एमडी असते ती वेगळी. ती तीन वर्षांची आणि फक्त एमबीबीएस झालेल्यांसाठी. एमपीएच दोन वर्षांची, आणि बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुली. काही संस्था आरोग्याशी संबंधित पदवीच मागतात, म्हणून अर्ज भरण्याआधी पात्रतेची अट नीट वाचावी.

मग या दोन वर्षांत शिकवतात काय? विषयांची यादी कुठल्याही माहितीपत्रकात सापडेल. ती यादी देण्यापेक्षा पठारावरच्या लोकांच्या रोजच्या भीतीतून सुरुवात केलेली बरी.

पावसाळा सुरू झाला की सर्पदंश सुरू होतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते; दंश फारसा दुखत नाही, सूजही दिसत नाही, आणि पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठलेल्या माणसाच्या पापण्या मिटायला लागतात. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊतांनी सर्पदंशाच्या उपचाराला आणि त्याबद्दल गावोगाव बोलण्याला आयुष्याची कितीतरी वर्षं दिली. त्यामुळे या भागात दवाखान्याकडे धाव घेण्याची सवय रुजली. पण दवाखान्याची वही उघडली तर तिच्यात कोण दिसतं? जो पोहोचला तो. वाटेत गेलेला, देवऋष्याकडे रात्र काढलेला, कशाने गेला हेच घरच्यांना न कळलेला माणूस त्या वहीत नसतो.

ही त्रुटी किती मोठी आहे हे देशाला उशिरा कळलं. भारताच्या महानिबंधक कार्यालयाने डॉ. प्रभात झा यांच्यासोबत ‘मिलियन डेथ स्टडी’ नावाचा प्रचंड अभ्यास हाती घेतला. पद्धत साधी होती. देशभरातून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या ६,६७१ वस्त्यांत कर्मचारी घरोघरी गेले. २००१ ते २००३ या काळात त्या घरांत झालेल्या मृत्यूंबद्दल त्यांनी घरच्यांना विचारलं: आधी काय झालं, मग काय झालं, अंग कसं पडलं, श्वास कसा होता. ती हकीकत दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचं कारण ठरवलं. सुमारे १ लाख २३ हजार मृत्यू असे तपासले गेले. २०११ साली सर्पदंशाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका वर्षात, २००५ मध्ये, देशात सुमारे ४५,९०० माणसं साप चावून गेली असावीत, असा अंदाज निघाला. सरकारी रुग्णालयांच्या आकड्यापेक्षा तो तीस पटींहून जास्त होता. कारणही त्याच अभ्यासात होतं. साप चावून मेलेल्यांपैकी शंभरातले जेमतेम २३ दवाखान्यात मेले होते. उरलेले घरी किंवा वाटेत. पुढच्या अभ्यासात, २००० ते २०१९ या वीस वर्षांत, वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यूंचा हिशोब लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या अग्रक्रमाच्या यादीत घेतलं, आणि भारताने २०२४ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला.

शाळेत अपूर्णांक शिकताना अंश आणि छेद शिकलो. दवाखान्याला अंश दिसतो. छेद गावात असतो. किती जण आले हे डॉक्टर सांगू शकतो. कितींपैकी आले, आणि जे आले नाहीत त्यांचं काय झालं, हे शोधायला उंबरठा ओलांडून जावं लागतं. माझ्या मते एमपीएचमध्ये शिकण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. बाकीचे सगळे विषय तिच्याभोवती उभे आहेत.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल, आणि साथरोगशास्त्राच्या पहिल्या महिन्यात अशीच उदाहरणं सोडवून घेतात. समजा, एका गावजेवणाला ५०० माणसं जेवली आणि रात्रीपासून ८० जणांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात विचारणा झाली. ८० पैकी ७४ जणांनी आमटी खाल्ली होती, ७० जणांनी बासुंदी. गावात लगेच आमटीवर ठपका. आता छेद आणू. आमटी खाल्लेले एकूण ४५० होते, त्यातले ७४ आजारी, म्हणजे शंभरात साधारण १६. आमटी न खाल्लेले ५०, त्यातले ६ आजारी, म्हणजे शंभरात १२. फरक किरकोळ. बासुंदी खाल्लेले फक्त २००, त्यातले ७० आजारी, म्हणजे शंभरात ३५. न खाल्लेले ३००, त्यातले १० आजारी, म्हणजे शंभरात जेमतेम ३. आमटी जवळपास सगळ्यांनीच खाल्ली होती, म्हणून आजाऱ्यांतही ती सगळीकडे दिसली. दोष बासुंदीत होता. आजारी नसलेल्या ४२० माणसांना कुणी विचारलंच नसतं, तर आमटी करणारा आचारी विनाकारण बदनाम झाला असता. निरोगी माणसाच्या दारात जाऊन त्याने काय खाल्लं हे विचारण्याचा शहाणपणा या शास्त्राचा पाया आहे.

जुन्नरच्या लोकांना असंच आणखी एक, आणि अगदी खरं, उदाहरण आपल्या रानातच मिळेल. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर वनविभागात बिबट्यांचे माणसांवरचे हल्ले वाढले. शेतात, वस्तीजवळ दिसलेले बिबटे पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लागला. ते कुणालाही पटण्यासारखंच होतं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा उलटंच चित्र समोर आलं. बिबटे हलवायला सुरुवात होण्याआधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, नंतर ते सतरावर गेले, आणि हल्ले जास्त जीवघेणेही झाले. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या वन्यजीव अभ्यासक, सार्वजनिक आरोग्याच्या नव्हेत. पण प्रश्न विचारण्याची रीत तीच: जो उपाय आपण उपाय समजतो आहोत, तो केल्यावर काय झालं, हे कुणी मोजलं का? एमपीएचच्या वर्गात हा निबंध पुढे ठेवला तर चांगला शिक्षक लगेच पुढचा प्रश्न विचारेल: हलवण्यामुळे हल्ले वाढले, की त्याच काळात दुसरं काही बदलत होतं? ऊस वाढला का, माणसं वाढली का? आधी आणि नंतर एवढीच तुलना असेल तर ही शंका उरतेच. त्या शंकेचं उत्तर कसं शोधायचं, यावर एक अख्खं सत्र जातं.

बिबट्या आणि साप यांना जोडणारी एक तिसरी गोष्ट आहे: लाईटचं वेळापत्रक. शेतीला थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्री मिळत आली आहे. रात्री लाईट म्हणजे रात्री पाणी भरणं, आणि रात्री पाणी भरणं म्हणजे बॅटरी घेऊन उसाच्या सरीतून, बांधावरून अनवाणी किंवा चपलेवर फिरणं. दिवसा वीज द्या, ही इथल्या शेतकऱ्यांची मागणी वरवर पाहता ऊर्जा खात्याची बाब. तिच्यात जिवाचा प्रश्न आहे, हे गावाला कधीपासून ठाऊक आहे. तो प्रश्न आकड्यांत मांडून, दिवसा वीज मिळालेल्या फीडरवर आणि न मिळालेल्या फीडरवर दंश किती झाले याची तुलना करून, वीज कंपनीच्या टेबलावर ठेवायला मात्र प्रशिक्षण लागतं. अभ्यासक्रमात पर्यावरणीय आरोग्य, आरोग्य धोरण, आरोग्य अर्थशास्त्र हे विषय असतात ते याच कामासाठी. आजाराचं कारण किती वेळा आरोग्य खात्याच्या बाहेर सापडतं, हे तिथे कळतं. जीवसांख्यिकी या नावाला घाबरणारे बरेच आहेत. दहावीचं गणित आणि चिकाटी असेल तर ती जमते. आकडेमोड संगणक करतो, काय विचारायचं ते आपल्याला ठरवावं लागतं.

ही विद्या मराठी मुलखाला नवी नाही, पण तिचं शिक्षण आधी बाहेर सुरू झालं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १९१६ मध्ये सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र शाळा काढली. आपल्याकडे १९३२ साली कोलकात्यात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने अखिल भारतीय आरोग्य आणि सार्वजनिक स्वास्थ्य संस्था उभी राहिली, पण तिथे मुख्यतः डॉक्टरच शिकत. एमपीएच या नावाचा देशातला पहिला अभ्यासक्रम तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत, अच्युत मेनन केंद्रात, १९९७ साली सुरू झाला. त्याआधी ज्यांना एमपीएच करायचं होतं त्यांना परदेशाची वाट धरावी लागे.

तशी वाट धरून परत आलेल्यांमध्ये मराठी मुलखात काम केलेली दोन जोडपी आहेत. पहिलं, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. आणे घाटाचा हाच रस्ता नगरला जातो. नगरच्या पलीकडे जामखेड. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण, अमेरिकेत पुढचं प्रशिक्षण, जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्याची पदवी, आणि १९७० साली थेट दुष्काळी जामखेड. तिथे त्यांनी काम उभं केलं ते गावच्या बायकांच्या बळावर. त्यातल्या कित्येक दलित, कित्येक निरक्षर. बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचं पाणी, वजनाची नोंद, लसीकरण हे सगळं या बायकांनी शिकून घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जगभरातल्या अशा प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण आहे. ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा ज्या अल्मा-आटा परिषदेने उचलून धरली, ती त्यानंतर तीन वर्षांनी भरली.

दुसरं जोडपं, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. १९८४ साली जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच, १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ची स्थापना. त्यांच्या नवजात बालकांच्या प्रयोगापाशी थोडं थांबायला हवं, कारण पदवीत शिकलेलं प्रत्यक्षात कसं उतरतं हे त्यात स्वच्छ दिसतं. प्रश्न असा होता: जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात मुलं मरतात, दवाखाना लांब, बाळंतपणं घरी होतात, मग बाळाची काळजी घरातच घेता येईल का? त्यांनी ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला ऊब देणं, वजन करणं, जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला सावरणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, हे त्या करू लागल्या. आणि याच्याच जोडीला ४७ गावं अशी ठेवली, जिथे फक्त मोजणी केली, सरकारी सेवा नेहमीप्रमाणे चालू राहिली. सुरुवातीला प्रयोगाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो त्याच वर्षी ६० च्या जवळ होता. ही दुसरी ४७ गावं नसती, तर ‘पाऊस चांगला झाला म्हणून’, ‘रस्ता झाला म्हणून’ असं कुणीही म्हणू शकलं असतं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आता हे आण्यापर्यंत कसं पोहोचतं ते पाहा. २०११ पासून देशभरात नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. दवाखान्यात बाळंत झालेली सून घरी आली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, पिशवीतून वजनकाटा काढते, बाळाचा ताप बघते. पठारावरच्या वस्तीत ती चालत येते तेव्हा तिच्या मागे गडचिरोलीतली ती ८६ गावं असतात. तिच्या हातातल्या वहीत कुठले रकाने असावेत, हे ठरवण्याचं शास्त्र दोन माणसं बाल्टिमोरला जाऊन शिकून आली होती.

पुणे जिल्ह्यालाही याचा वारसा आहे. शिरूर तालुक्यातल्या वढू इथे केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. २००२ पासून तिथल्या २२ गावांत घरोघरी जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सतत नोंद ठेवली जाते. म्हणजे छेद कायम तयार! जगभरचे संशोधक अशा जागांचा हेवा करतात. केईएमचेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन. बाळं हडकुळी, तरी अंगातली चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. मधुमेह पुढे का गाठतो याचा एक धागा तिथे सापडला. ज्या बायका पालेभाज्या, फळं, दूध-तूप वारंवार खात त्यांची बाळं वजनाने चांगली होती, आणि बऱ्याच मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. बाजरीची भाकरी आणि कोरड्यास खाऊन रानात राबणाऱ्या बाईबद्दलचं हे ज्ञान तिच्याच जिल्ह्यातल्या बायकांनी रक्त देऊन घडवलं आहे.

आज शिकायचं कुठे? जवळात जवळ म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा आरोग्यविज्ञान विभाग, जिथे एमपीएच आहे. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था. तिथल्या सामाजिक साथरोगशास्त्राचा भर जात, वर्ग, लिंग यांचा आजाराशी असलेला संबंध शोधण्यावर असतो, आणि प्रवेशाची वाट राष्ट्रीय पातळीवरच्या सीयूईटी-पीजी परीक्षेतून जाते. तिच्या शेजारीच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. आकड्यांची आवड असणाऱ्यांनी तिच्या अभ्यासक्रमांकडे जरूर बघावं. तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था यांचं नाव मोठं आहे, पण प्रवेशाच्या अटी कडक. खासगी विद्यापीठांत जागा पुष्कळ आणि फी काही लाखांत. कर्ज काढून तिथे जाण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात असं माझं ठाम मत आहे. विद्यार्थी गावात किती आठवडे काढतात? प्रबंध स्वतः गोळा केलेल्या माहितीवर असतो की नुसता इंटरनेटवरचा? मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे काम करतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर त्या संस्थेकडे पाठ फिरवावी. गाव न पाहता मिळालेली सार्वजनिक आरोग्याची पदवी घेण्यात अर्थ नाही, मग तिचं माहितीपत्रक कितीही गुळगुळीत असो.

परदेशात जायचं तर खर्च फार मोठा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही राज्याची आणि केंद्राची परदेश शिष्यवृत्ती आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर मुलांनी घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. पण पहिली पदवी इथे घ्या आणि दोन-तीन वर्षं काम करून मग बाहेर जा, असाच सल्ला मी देईन. प्रश्न खिशात असला की तिथल्या वर्गाचा उपयोग होतो.

नोकरीबद्दल खरं तेच सांगायला हवं. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा साथरोगतज्ज्ञ, कार्यक्रम व्यवस्थापक अशी पदं असतात. साथरोगतज्ज्ञाचं काम महत्त्वाचं आहे. उपकेंद्रांकडून संशयित रुग्णांची, डॉक्टरांकडून संभाव्य रुग्णांची आणि प्रयोगशाळांकडून पक्क्या रुग्णांची माहिती येत असते. तिच्यात कुठे अचानक उसळी दिसते ते त्याने पकडायचं. २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला तापाचे रुग्ण वाढले. नमुने पुण्याच्या विषाणूविज्ञान संस्थेकडे गेले. बरेचसे चिकुनगुन्याचे निघाले, आणि त्यातच राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला. एका खेड्यातला ताप कुणीतरी गांभीर्याने घेतला म्हणून हे झालं. असं काम करणारी बरीच माणसं मात्र वर्षभराच्या आतल्या करारावर असतात, दरवर्षी मुदतवाढीची वाट बघत. पगार डॉक्टरांच्या मानाने कमी. स्वयंसेवी संस्था आणि संशोधन केंद्रांतही प्रकल्प संपला की नोकरी संपते. तामिळनाडूत शंभर वर्षांपासून सार्वजनिक आरोग्याचं वेगळं खातं आहे, १९३९ पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे, आणि त्या खात्यात वर चढायचं तर या विषयाचं शिक्षण घ्यावंच लागतं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सगळ्या राज्यांना अशी स्वतंत्र सेवा उभारण्याची मार्गदर्शक सूचना दिली. महाराष्ट्राने ती मनावर घ्यायला हवी. आरोळे-बंगांच्या राज्यात ही माणसं कायमची कंत्राटी राहावीत, हे मला फार खुपतं.

आणि शेवटी प्रबंध. दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न निवडावा लागतो, आणि इथे आण्याच्या, बेल्ह्याच्या, घोडेगावच्या मुलांची बाजू शहरातल्या मुलांपेक्षा वरचढ असते, कारण प्रश्न त्यांना शोधावे लागत नाहीत. टँकरच्या महिन्यांत पठारावरच्या घरात माणशी किती लिटर पाणी येतं, आणि त्या महिन्यांत जुलाब, मूतखडा, बायकांचे लघवीचे संसर्ग वाढतात का? टोमॅटोवर औषध फवारणाऱ्या मजुराला संध्याकाळी काय होतं, आणि तो ते कुणाला सांगतो का? डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांतून रात्री कळा सुरू झालेली बाई मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किती तासांनी पोहोचते?

मला सगळ्यात निकडीचा वाटतो तो ऊसतोडणीवाल्यांचा प्रश्न. दिवाळीच्या आगेमागे बीड, नगर, जळगावकडून टोळ्या येतात. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या परिसरात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, आणि उन्हाळा लागेपर्यंत ही कुटुंबं तिथेच राहतात. उपकेंद्राची लोकसंख्या सपाट भागात पाच हजार धरतात, आशाताईची हजार. त्या मोजणीत ही माणसं नसतात. त्यांची नावं गावाकडच्या वहीत असतात, आणि गावाकडच्या वहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा पडलेला असतो. बाळाचा गोवराचा डोस याच महिन्यांत येतो, गरोदर बाईच्या तपासण्या याच महिन्यांत येतात, बिबट्याची आणि सापाची गाठही उसाच्या फडातच पडते. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ साली राज्याला समिती नेमावी लागली. त्या समितीची पाहणीही बीडमध्ये, त्यांच्या घरी झाली. फडात असताना त्यांच्या आरोग्याचं काय होतं, हे मोजायला फडातच जावं लागेल.

हा प्रबंध करायचा तर तयारी जूनमध्येच सुरू करावी. आराखडा लिहून संस्थेच्या नैतिकता समितीपुढे ठेवायचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही मंजुरी आणि प्रत्येक माणसाची समजून दिलेली संमती लागते, आणि मुकादमाने होकार दिला म्हणजे टोळीची संमती मिळाली असं होत नाही. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे टोळ्यांची आणि कोयत्यांची यादी असते. एक कोयता म्हणजे बहुतेकदा एक जोडपं, पण पोरं आणि म्हातारी माणसं त्या यादीत येत नाहीत. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रश्नावली बाजूला ठेवावी आणि कोपी-कोपीला जाऊन फक्त माणसं मोजावीत. टोळी फडावरून परतते तेव्हा अंधार पडलेला असतो, त्यामुळे ही मोजणी सकाळी फार लवकर किंवा रात्रीच होते. सोबत तिथली आशाताई किंवा आरोग्यसेविका असावी, म्हणजे ज्या बाळाचा डोस राहिला आहे त्याला तो त्याच आठवड्यात मिळेल.